मांडीवर हात

४ जानेवारी

ताई,

भोवरा गेला. घाबरू नकोस, माणूस धडधाकट आहे. पण आपला जो होता, तो गेला.

परवा त्याची नवी कॅसेट आली. दुकान उघडायच्या आधीपासून आम्ही अकरा जण पायरीवर बसून होतो. त्यात मीच सगळ्यात थोरली. दुकानदार म्हणाला, "बाई, मुलीसाठी घेताय का?" मी हसून वेळ मारून नेली. घरी आले आणि चप्पलही न काढता टेप लावला. पहिलं गाणं संथ. म्हटलं, असतं एखादं. दुसरं त्याहून संथ. शिट्टी नाही, झांजा नाही, मागच्या मुलींचा कोरस नाही. नुसता तो खालच्या पट्टीत पुटपुटतोय आणि सोबतीला एक बास गिटार, भरल्या पोटी चालणाऱ्या म्हशीसारखी. आठही गाणी तशीच. शेवटी मी टेपचं झाकण उघडून सेल बदलले. मला खरंच वाटलं, सेल उतरलेत.

तुला आठवत असेल, मी सोळाची आणि तू बावीसची. अभ्यासाला नेते असं माझ्या आईला सांगून तू मला त्याच्या पहिल्या कार्यक्रमाला नेलंस. मधलं संगीत वाजत होतं तेवढा वेळ तो एका पायावर गरगर फिरत राहिला. तू म्हणालीस, "हा माणूस आहे की भोवरा?" आता पेपरवालेसुद्धा त्याला भोवराच म्हणतात आणि हे नाव तुझं आहे हे कुणाला पटत नाही. म्हणून तर आमच्या चाहत्यांच्या मंडळाचं नाव 'दोरी' ठेवलं. चारशे सभासद झाले या वर्षी. सगळे मला विचारताहेत, आता काय करायचं? मी अध्यक्ष आहे ना.

आई अंथरुणाला खिळली ती तीन वर्षं फक्त डावा हात हलवायची. वाचा गेलेली. मी त्याचं शिट्टीचं गाणं लावलं की पलंगाच्या लाकडावर तिची दोन बोटं ताल धरायची. ती गेली त्या दुपारीही टेप चालूच होता. हे तुला माहीत आहे. मग मला सांग, तो शिट्टी कशी काय सोडू शकतो?

तुझी,
चिंगी


१५ जानेवारी

चिंगे,

तुझं पत्र दवाखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचलं. सेलांचं वाचून हसू आलं आणि पुढे मावशीची बोटं आली, तेव्हा डबा बंद केला.

माझं बरं चाललंय. दिवसाला आठ-दहा तपासण्या. माणसाला बंद खोलीत बसवायचं, कानावर हेडफोन चढवायचे, मी काचेच्या अलीकडे यंत्रापाशी. बारीक आवाज सोडायचा, ऐकू आला की त्याने हात वर करायचा. मी मान हलवायची आणि कागदावर खूण करायची. लहान मुलं फसवतात, माझ्या हाताकडे बघून अंदाजाने हात वर करतात. मोठी माणसंही फसवतात, पण त्यांना ते कळत नाही.

नवी कॅसेट मीही ऐकली. मला वाईट वाटली नाही. तू पुन्हा एकदा ऐक. घाईत नको, चप्पल काढून ऐक. टेप जमिनीवर ठेव, पाय फरशीला टेकव आणि तिसरं गाणं लाव. मग सांग.

माणसं बदलतात गं. बदलण्यामागे दर वेळी मस्तीच असते असं नाही. तूही पूर्वी दोन वेण्या घालायचीस.

सर्दी बरी झाली का?

तुझी,
ताई


२७ जानेवारी

ताई,

सर्दी गेली, राग राहिला.

वेण्यांचं उदाहरण तुलाच सुचू जाणे. माझ्या वेण्यांवर चारशे लोक जगत नव्हते.

आता ऐक. वीस फेब्रुवारीला तो आमच्या गावात येतोय. मागच्या आठवड्यात पलीकडच्या शहरात कार्यक्रम झाला, आपले दोघे सभासद गेले होते. म्हणाले, खुर्चीवर बसून गातो. भोवरा, खुर्चीवर. शिवाय अनवाणी. बूट काढून बाजूला ठेवतो आणि पाय फळ्यांवर पसरून डोळे मिटतो. साधू व्हायचं असेल तर तसं सांग म्हणावं, निदान आम्ही सुटू.

काही जण म्हणत होते, अंडी फेकू. मी म्हटलं, आपण तसले नाही. काही म्हणाले, जायचंच नाही. मग त्याला कळणार कसं? शेवटी मी सुचवलं ते सगळ्यांना पटलं. जायचं, सगळ्यांनी जायचं, पुढच्या रांगा धरायच्या. तो आला की टाळ्या वाजवायच्या, कारण माणूस आपला आहे. पण नवं गाणं संपलं की हात मांडीवर. आवाज नाही, खोकला नाही, कुजबुज नाही. जुनं गाणं सुरू केलं की छप्पर उडेल इतक्या टाळ्या. शिवी नाही, दगड नाही. त्याला नेमकं समजेल की आम्हाला काय हवंय.

आमच्या छापखान्यात उरलेल्या पट्ट्यांवर मी चिठ्ठ्या छापून घेतल्या. दुपारच्या सुट्टीत स्वतः कापल्या, स्वतः घड्या घातल्या. एक सोबत पाठवतेय. "नवं गाणं संपलं की हात मांडीवर." कशी वाटते? अक्षर जरा जाड हवं होतं.

तिसरं गाणं लावलं होतं, तू सांगितलंस तसं. शेजारीण मध्येच साखर मागायला आली.

चिंगी


२ फेब्रुवारी

(हे पत्र पाठवलं नव्हतं.)

चिंगे,

तुझी चिठ्ठी समोर आहे. ती वाचल्यापासून माझं कामात लक्ष नाही. आज एका आजोबांना डाव्या कानाऐवजी दोनदा उजव्याच कानात आवाज सोडला.

तो आमच्या दवाखान्यात येतो. गेलं दीड वर्ष. मागच्या दाराने, टोपी घालून. तपासणी मीच करते. पहिल्यांदा मी त्याला ओळखलंच नाही. इतका हळू चालत होता. कानाच्या आतला आजार आहे. त्याने ऐकू येणं कमी होतं आणि तोलही जातो. गरगर फिरणं सोड, वळून बघितलं तरी भिंत धरावी लागते. म्हणून खुर्ची.

आधी बारीक, उंच आवाज गेले. शिट्टी गेली, झांजा गेल्या, बायकांचे आवाज गेले. मी शिट्टीइतका उंच आवाज कितीही मोठा केला तरी तो काचेपलीकडे हात मांडीवर ठेवून शांत बसलेला असतो. वाट बघत. खालचे आवाज अजून येतात. बास गिटार येते, तीही निम्मी पायातून. म्हणून अनवाणी.

मी एकदा त्याला ओठ दिसतील असं सावकाश विचारलं, "गाणं कुठवर चालवणार?" तो म्हणाला, "टाळी ऐकू येते तोवर." मला समजावून सांगितलं त्याने. टाळ्यांचा आवाज आता त्याच्या ऐकण्याच्या अगदी काठावर आहे. लांबून येतो, पण येतो. डॉक्टरांनी सांगितलंय, पुढची पायरी हळूही उतरेल, नाहीतर एखाद्या दिवशी उभ्या उभ्या. ज्या दिवशी टाळी ऐकू येणार नाही, त्या दिवशी समजायचं की ती पायरी उतरली. आपला सूरही आता आपल्याला कळणार नाही. "बेसूर गाऊन माझ्या लोकांना मान खाली घालायला लावायची नाही," म्हणाला. "समोर दिव्यांचा उजेड असतो, मला माणसं दिसत नाहीत. टाळी हीच माझी खूण."

आणि तू त्याच्यासमोर चारशे माणसं गप्प बसवणार आहेस.

इथे कामाला लागताना मी कागदावर सही केली आहे. या खोलीत जे कळतं ते या खोलीबाहेर न्यायचं नाही. नवऱ्यालाही नाही, बहिणीलाही नाही. डॉक्टरांना आज विचारलं. ते म्हणाले, परवानगी फक्त तोच देऊ शकतो. त्याच्या घरच्या पत्त्यावर परवानगीपुरतं पत्र टाकलं, पण तो दौऱ्यावर आहे. तुला सांगितलं तर तू कुणाला सांगणार नाहीस, हे मला माहीत आहे. चारशे जणांना थांबवायचं तर सांगावं लागेल, हेही माहीत आहे.

पाकीट चिकटवलं आणि परत फाडलं.


४ फेब्रुवारी

चिंगे,

चिठ्ठी मिळाली. छपाई छान आहे.

माझी एक विनंती आहे. हा बेत रद्द कर. तुला नवी गाणी आवडली नाहीत तर कार्यक्रमाला जाऊ नकोस. त्याला पत्र लिही, हवं तितकं रागाचं लिही. पण समोर बसून गप्प राहू नका. टाळ्या वाजवा. दोन वाजवा, पण वाजवा. गाणाऱ्या माणसाला शांततेतून काय ऐकू जाईल, ते तुझ्या हातात नसतं.

मी तुझ्याकडे आजवर फारसं काही मागितलेलं नाही.

तुझी,
ताई


११ फेब्रुवारी

ताई,

दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, तुझी तब्येत बरी नाही. मग राग आला.

तू आजवर काही मागितलं नाहीस हे खरं. कारण तू सांगतेस, मागत नाहीस. लहानपणी पाहुण्यांसमोर गप्प बस, मावशी झोपलीय गप्प बस, आईच्या तेराव्या दिवशी मी मोठ्याने रडले तर माझा हात दाबून, चिंगे गप्प. आता मी चारशे लोकांना घेऊन गप्प बसतेय, तर तेही चालत नाही. एकदा काय ते ठरव.

कारण देशील तर ऐकेन. पत्रात एक कारण नाही. "तुझ्या हातात नसतं" म्हणे. हात कुठे ठेवायचे, तेवढं तर आहे.

तू फार दिवस आजारी माणसांत काम करतेस. तुला सगळेच बिचारे वाटतात. तो बिचारा नाही गं. तो मोठा माणूस आहे, कुणाचे चार शब्द न ऐकता आठ गाणी करून मोकळा झाला. आमचं काय, आमच्याकडे जुन्या कॅसेट आहेत. पण शिट्टीच्या गाण्याची फीत दोनदा तुटली, मी चिकटवलीय. ती किती दिवस पुरणार?

वीस तारखेला मी पहिल्या रांगेत मधोमध असेन. नंतर लिहीन.

चिंगी


१९ फेब्रुवारी, तार

टाळ्या वाजव. कारण विचारू नकोस. ताई.


२२ फेब्रुवारी

ताई,

कसं लिहू कळत नाही. क्रमाने लिहिते.

तार निघायच्या वेळी मिळाली. वाचून पर्समध्ये टाकली. मनात म्हटलं, हिने तारेचे पैसे खर्च केले, पण कारणाचा एक शब्द घातला नाही.

सभागृह भरलं होतं. तो आला, बास गिटारवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून. मला वाटलं, दोस्ती दाखवतोय. आम्ही ठरल्याप्रमाणे टाळ्या वाजवल्या, जोरात. तो खुर्चीपाशी थांबला, चेहरा थोडा वर केला आणि हसला. लहान मुलाला कुणी हाक मारली की हसतं ना, तसा. मग बसला, वाकून बूट काढले, जोडीने लावून ठेवले.

पहिलं गाणं झालं. हात मांडीवर. मी मागे वळून पाहिलं नाही, पण कळत होतं, एकही हात हलला नव्हता. जे आपले नव्हते ते आमच्याकडे बघून गप्प राहिले. तो थोडा थांबला. मान जराशी तिरकी केली. मग त्याने दुसरं घेतलं. ते संपलं. पुन्हा तसंच. या वेळी तो जास्त थांबला. माझ्या शेजारची मुलगी माझ्याकडे बघून हळूच हसली, म्हणजे लागू पडतंय.

मग तिसरं. ताई, मी तुला खोटं सांगणार नाही. मी पहिल्या रांगेत होते, माझे पाय फळ्यांवर होते आणि बासचा ताल खालून, घोट्यातून वर आला. दोन ठोके, मग थोडी जागा, मग दोन. आईची बोटं. मी ते गाणं घरी शेजारणीच्या साखरेपायी अर्धंच ऐकलं होतं. संपलं तेव्हा माझे हात उचलले गेले होते, मांडीपासून चार बोटं वर. आणि मला आठवलं की मागे चारशे माणसं माझ्याकडे बघताहेत, चिठ्ठी मीच छापलीय. मी हात खाली ठेवले.

तो वाट बघत राहिला. मी मोजलं नाही, पण कुणाला तरी घाम पुसायला वेळ मिळाला असता इतकं. मग त्याने मान हलवली, स्वतःशीच, कुणाचं तरी म्हणणं पटल्यासारखी. बूट हातात घेतले. उठला, आमच्या दिशेने कमरेत वाकला आणि भिंत चाचपत आत गेला. बास गिटारवाला धावला मागे. पाच मिनिटांनी कुणीतरी येऊन सांगितलं, कार्यक्रम संपला.

बाहेर आल्यावर कुणी म्हणालं, "जिंकलो." बाकीचे सायकली काढायला लागले.

तुला काय माहीत होतं, ताई? आता तरी सांग.

चिंगी


९ मार्च

चिंगे,

कालच्या पेपरात त्याचं निवेदन आलंय, तू वाचलं असशील. कानांचा आजार, गाणं कायमचं थांबवतोय, लोकांनी पुष्कळ दिलं, वगैरे. चार ओळी आहेत. आजाराचं त्यानेच जगाला सांगितलं, म्हणून आता मला तुझ्याशी बोलता येतं.

सोबत दोन फेब्रुवारीचं पत्र पाठवतेय. कोपऱ्यावर फाटलंय, चिकटवलेलं पाकीट उघडताना फाटलं. मी जोडायला गेले नाही.

वाचून झालं की एकटी बसू नकोस. शेजारणीकडे जा.

तुझी,
ताई


१६ मार्च

ताई,

वाचलं. शेजारणीकडे गेले नाही. छापखान्यात गेले, कारण तिथे यंत्रांच्या आवाजात कुणी काही विचारत नाही. साहेब म्हणाले, "डोळे सुजलेत." म्हटलं, कागदाची धूळ.

पहिल्यांदा तुझाच राग आला. सहीचा कागद मोठा की बहीण? मग वाटलं, तू सांगितलं असतंस तर मी ऐकलं असतं, पण न सांगताही ऐकायला हवं होतं. इतक्या वर्षांत एकदा तू "कारण विचारू नकोस" म्हणालीस आणि मी नेमकं तेच धरून बसले.

मंडळाच्या लोकांना बोलावून, बाहेर न बोलण्याची शपथ घालून, सगळं सांगितलं. निम्मे रडले. एक जण म्हणाला, "पण गाणी संथ होती ती होतीच." 'दोरी' बंद केली.

आता माझं एक ऐक. तो पुन्हा तपासणीला येईल ना? त्याला सांगू नकोस. आपले कान गेले, असंच त्याला वाटू दे. कान जाण्यात कुणाचा दोष नसतो. आपल्याच माणसांनी ठरवून केलं, हे कळलं तर तो कुठे जाईल? तुला यंत्र चालवता येतं. आवाज जरा बारीक सोड. कागदावर रेघ थोडी खाली काढ. तुला जमेल. मी तुझ्याकडे आजवर पुष्कळ मागितलंय, हे शेवटचं.

चिंगी


२ एप्रिल

चिंगे,

तो काल आला.

तुझं पत्र माझ्या एप्रनच्या खिशात होतं. खोटं सांगत नाही, यंत्रावर हात ठेवून मी थोडा वेळ उभी राहिले. बटण दोन खुणा मागे फिरवलं की झालं, कुणाला कळलं नसतं. तो काचेपलीकडे डोळे मिटून बसला होता. तो कधी माझ्या हाताकडे बघत नाही, फसवायला नको म्हणून आपणच डोळे मिटतो. ते बघितलं आणि माझ्याच्याने झालं नाही.

नेहमीसारखी तपासणी केली. मागच्या वेळी जिथे जिथे हात वर झाला होता, तिथे तिथे वर झाला. एकही खूण खाली गेली नव्हती.

त्याने मागचा आणि आजचा, दोन्ही कागद मागून घेतले. खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. रेघ रेघेवर बसली. मग म्हणाला, "म्हणजे त्यांनी वाजवल्याच नाहीत." तो म्हणाला, "बासवाला त्याच दिवशी सांगत होता मला. मला वाटलं, माझी समजूत काढतोय."

तेव्हा मी सांगितलं. त्याच्यासमोर उभं राहून, त्याला ओठ दिसतील असं. माझ्या बहिणीने ठरवलं होतं, तुमच्यावरच्या मायेने, तुमच्या आजाराचं तिला माहीत नव्हतं आणि मला होतं. काहीच राखून ठेवलं नाही.

त्याने विचारलं, "किती जण होते?" म्हटलं, चारशे. "चारशे? आणि कुणी खोकलंसुद्धा नाही? माझ्या वादकांना मी कधी इतकं एकदम थांबवू शकलो नाही." हसला. मी हसू शकले नाही.

मग मी विचारलं, आता पुन्हा गाल ना? कान आहेत तसे आहेत. त्याने कागदांची घडी घालून माझ्या हातात परत दिली. म्हणाला, "टाळी ऐकू आली नाही की थांबायचं, असं ठरवलं होतं. का ऐकू आली नाही, ते बघायचं ठरवलं नव्हतं. मंचावरून आत गेलो ना, तेव्हा आधी फार भीती वाटली आणि मग एकदम सुटल्यासारखं वाटलं. आता परत ती वाट बघणं माझ्याने व्हायचं नाही."

दारापाशी थांबला. म्हणाला, "बहिणीला माझ्याकडून एक विचारा. इतक्या शांततेत तिसरं गाणं नीट ऐकू गेलं असेल ना? आम्ही ते पायांनीच बसवलं होतं. लोकांपर्यंत पोचतं की नाही, मला कळायला मार्ग नव्हता." मी म्हटलं, विचारते. मग टोपी घालून मागच्या दाराने गेला. पुढची तारीख घेतली नाही.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी एक केलं. त्याच्या कागदावर जे आवाज गेलेत तेवढे यंत्रावर बंद केले आणि हेडफोन लावून आपलं शिट्टीचं गाणं ऐकलं. ओळखू येत नाही गं. शिट्टी नाही, झांजा नाही, शब्दांचे काठ नाहीत. भिंतीपलीकडे कुणी सामान हलवतंय असं वाटतं. मग नवी कॅसेट लावली. काही कमी झालं नाही. आठ गाण्यांत एक आवाज हरवला नाही.

सुट्टीत ये. तुला बसवते त्या खोलीत.

तुझी,
ताई


३ मे

ताई,

सुखरूप पोचले. गाडीत बसायला जागा मिळाली. तू दिलेला डबा स्टेशनवरच संपवला.

कागद नाही म्हणून उरलेल्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर लिहितेय. पुढची बाजू वाचू नकोस. गठ्ठाभर आहेत, फेकवत नाहीत.

त्या खोलीत तू दार लावलंस तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, शांतता म्हणजे काय असते. आम्ही त्या दिवशी केली ती नव्हे. त्या दिवशी तिथे चारशे माणसांचा श्वास तरी होता. इथे माझं रक्त मला ऐकू येत होतं. काचेतून तू दिसत होतीस, चष्मा नाकावर, जीभ दातांत धरून बटणं फिरवताना. शाळेत माझी गणितं सोडवायचीस तशी.

तू आधी शिट्टीचं लावलंस. बरं केलंस. मी पूर्ण ऐकलं, मधे थांबवायला सांगितलं नाही.

मग तिसरं. तू स्पीकर फरशीवर ठेवला होतास आणि मी चप्पल काढून ठेवली होती. या वेळी तू सांगितलं नव्हतंस, तरी. दोन ठोके, जागा, दोन ठोके. त्याने तिथे काय घातलंय आणि किती मोजून घातलंय, ते मला या वेळी कळलं. आई आठवली, पण फक्त आई नाही. तो खुर्चीवर मान तिरकी करून बसलेला आठवला. गाणं कधी संपलं ते बासच्या थरथरीवरून कळलं, ती पायाखालून हळूहळू गेली.

त्याचा पत्ता तू देणार नाहीस, हे मला माहीत आहे आणि मी मागणारही नाही. पण त्याने विचारलंय आणि उत्तर माझ्याकडे आहे. तो कधी पुन्हा आला तर दे. नाही आला तर तुझ्यापाशी राहू दे, त्या दोन कागदांजवळ.

गाणं संपल्यावर मी हात वर केला होता. तुला वाटलं मला गुदमरतंय, म्हणून तू धावत दार उघडायला आलीस, पाणी आणलंस, पाठीवरून हात फिरवलास. मी पाणी पिऊन घेतलं. मला बाहेर यायचं नव्हतं, ताई. ऐकू आलं, एवढंच सांगायचं होतं.

चिंगी